पहिल्या महायुद्धानंतरचा तह आणि त्याचे न मिटलेले परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या आणि कोकणातल्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर इंग्रजीत कोरलेला असतो. अनेक ठिकाणी चुन्याचे हात बसून अक्षरे बुजली आहेत. पाटीवर मरणाऱ्यांचा आकडा असतो, नावे बहुधा नसतात, आणि युद्धाचा काळ मात्र १९१४ ते १९१९ असा दिलेला असतो. ही पाटी पाहणारी, विशेषतः शाळकरी मुले, जे प्रश्न विचारतात त्यांपासूनच पुढील प्रश्नोत्तरांना सुरुवात केली आहे.

युद्ध १९१८ मध्ये संपले असे पाठ्यपुस्तकात आहे. मग पाटीवर १९१९ का?

११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाली ती शस्त्रसंधी. फ्रान्समधील काँपिएन्यच्या जंगलात उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका डब्यात पहाटे तिच्यावर सह्या झाल्या आणि सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या. तोफा थांबणे आणि युद्ध संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीबरोबरचा तह व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात २८ जून १९१९ रोजी झाला आणि तो प्रत्यक्ष अमलात यायला १० जानेवारी १९२० उजाडले. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांना दिलेल्या विजयपदकावरही १९१४ ते १९१९ असेच वर्ष कोरलेले आहे. तुर्कस्तानबरोबरचा अखेरचा तह तर २४ जुलै १९२३ रोजी झाला. म्हणजे सव्वाचार वर्षे लढाई चालली आणि ती मिटवण्याचे कागद पुरे करायला त्यापुढे पावणेपाच वर्षे लागली. या मधल्या काळात जर्मनीची नाकेबंदी चालूच होती, ती १९१९ च्या जुलैत उठली. भुकेने हैराण झालेल्या जर्मन घरांच्या दृष्टीने नोव्हेंबर १९१८ मध्ये शांतता आली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तह कोणी केला?

पॅरिसची परिषद १८ जानेवारी १९१९ रोजी सुरू झाली. हा दिवस मुद्दाम निवडलेला होता, कारण १८७१ साली याच तारखेला, पराभूत फ्रान्सच्या छातीवर, व्हर्सायच्या त्याच आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. परिषदेला तीसच्या आसपास देश आले, पण मोठे निर्णय चौघांच्या खोलीत झाले: अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन, फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज आणि इटलीचे ऑर्लांदो.

क्लेमांसोंना सूडाने पेटलेला म्हातारा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि बहुतेक पुस्तके तेच करतात. परंतु त्यांच्या देशाचे सुमारे १४ लाख लोक मेले होते, युद्धाचा पश्चिमेकडील मोठा भाग त्यांच्याच शेतांवर झाला होता, आणि माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधील कोळशाच्या खाणींत पाणी सोडले होते. जर्मनीची लोकसंख्या फ्रान्सच्या दीडपटीहून कमी नव्हती. शेजारी पुन्हा उठला तर आपला निभाव कसा लागणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खरा होता. त्यांना सीमेवर ऱ्हाइन नदीचा नैसर्गिक आडोसा हवा होता. तो देण्याऐवजी विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांनी हल्ला झाल्यास मदतीला धावून येण्याचा शब्द दिला. त्या शब्दाचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

जर्मनीशी वाटाघाटी झाल्या नाहीत, हे खरे का?

समोरासमोर बसून झाल्या नाहीत, हे खरे. ७ मे १९१९ रोजी तयार मसुदा जर्मन शिष्टमंडळाच्या हाती ठेवला गेला आणि जे म्हणायचे ते लेखी द्या, असे सांगण्यात आले. हरकती पाहून काही दुरुस्त्या झाल्या. अपर सिलेशिया पोलंडला थेट देण्याऐवजी तिथे सार्वमत घेण्याचे ठरले, ही त्यातली महत्त्वाची. पण अखेरचे उत्तर सही करा नाहीतर सैन्य पुढे येईल, असेच होते.

सहीच्या दिवशीची एक गोष्ट सांगायला हवी. क्लेमांसोंनी चेहरे छिन्नविछिन्न झालेले पाच फ्रेंच सैनिक मुद्दाम बोलावून महालात उभे केले होते. हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल हे दोन जर्मन मंत्री सहीसाठी आले ते या पाच चेहऱ्यांसमोर. त्या दोघांपैकी कोणीही युद्ध सुरू करणाऱ्यांत नव्हते. ज्या कैसरने (जर्मन सम्राटाने) आणि सेनापतींनी युद्ध चालवले त्यांच्यापैकी एकजणही त्या खोलीत नव्हता, आणि पराभवाच्या कागदावर सही मात्र नव्या, कोवळ्या लोकशाही सरकारच्या माथी आली. माझ्या मते तहातल्या कुठल्याही कलमापेक्षा या एका गोष्टीने जर्मन लोकशाहीचे अधिक नुकसान केले. शस्त्रसंधीवर सही करणारे माटियास एर्त्सबर्गर यांचा १९२१ च्या ऑगस्टमध्ये खून झाला, तो याच रागातून.

तहात जर्मनीने नेमके काय गमावले?

युरोपातील सुमारे १३ टक्के भूभाग आणि सुमारे १० टक्के लोकसंख्या. अल्सास-लोरेन फ्रान्सकडे परत गेला. पोलंडला समुद्राकडे जाणारी पट्टी मिळाली, त्यामुळे पूर्व प्रशिया उरलेल्या जर्मनीपासून तुटला. डान्झिग हे मुक्त शहर झाले. सार खोऱ्याचा कोळसा फ्रान्सला आणि कारभार १५ वर्षांसाठी नव्या राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्सकडे) गेला. सर्व वसाहती गेल्या. सैन्य १ लाखावर आले, सक्तीची भरती बंद झाली, रणगाडे, लढाऊ विमाने आणि पाणबुड्या यांना मनाई झाली. ऱ्हाइन नदीकाठच्या ऱ्हाइनलँड प्रदेशात जर्मन फौज ठेवायची नाही असे ठरले. ऑस्ट्रियाला जर्मनीत सामील व्हायलाही बंदी घातली गेली.

यादी लांब आहे, तरी तिच्याशेजारी दुसरी यादी ठेवून पाहावी. ३ मार्च १९१८ रोजी, युद्ध जिंकण्याची आशा असताना, जर्मनीने रशियावर ब्रेस्त-लितोव्स्कचा तह लादला होता. त्यात रशियन साम्राज्याच्या लोकसंख्येपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांची भूमी हातातून गेली. जर्मनी जिंकली असती तर तिने उदारपणे तह केला असता, असे मानायला त्यामुळे जागा राहत नाही.

कलम २३१ मध्ये 'सगळा दोष जर्मनीचा' असे लिहिले आहे का?

त्या कलमात दोष किंवा अपराध हा शब्दच नाही. जर्मनी आणि तिच्या मित्रांनी आक्रमण करून लादलेल्या युद्धामुळे दोस्त राष्ट्रांची जी हानी झाली, तिची जबाबदारी जर्मनी स्वीकारते, असा त्याचा आशय आहे. लगेच पुढच्या कलमात, ही सगळी हानी भरून देण्याएवढी जर्मनीची ऐपत नाही, हेही मान्य केले आहे. मसुदा करणाऱ्यांत जॉन फॉस्टर डलेस हे तरुण अमेरिकी वकील होते, तेच पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. तत्त्वतः जबाबदारी पुरी, प्रत्यक्ष वसुली मर्यादित, अशी ती वकिली तोड होती. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्या तहांतही असेच कलम आहे.

वकिलाला जी तोड वाटली ती सामान्य जर्मन माणसाला कपाळावर मारलेला शिक्का वाटली. जर्मन परराष्ट्र खात्याने या एका मुद्द्याचे खंडन करण्यासाठी स्वतंत्र विभाग चालवला. कागदावरचे शब्द काय होते यापेक्षा ते कसे वाचले गेले याला इतिहासात अधिक वजन आले, ते असे.

युद्धभरपाई फेडता न येण्याइतकी होती का?

१९२१ साली ठरलेला आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा होता. डोळे पांढरे व्हावेत असाच तो आहे, पण त्याची मांडणी पाहिली की चित्र बदलते. त्याचे तीन भाग केले होते. पहिल्या दोन भागांचे मिळून ५० अब्ज होत आणि खरी वसुली तेवढ्याचीच अपेक्षित होती. उरलेले ८२ अब्ज जर्मनीची ऐपत वाढल्यावर पाहू, अशा बोलीवर टांगून ठेवलेले होते. ते कधी मिळणार नाहीत हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होते; मोठा आकडा आपापल्या मतदारांना दाखवण्यासाठी हवा होता. प्रत्यक्षात जर्मनीने दिले ते २० अब्जांच्या आसपास, आणि त्यासाठीचा बराच पैसा अमेरिकेतून घेतलेल्या कर्जाचा होता.

ब्रिटिश शिष्टमंडळातील अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी परिषद सोडून दिली आणि १९१९ च्या अखेरीस या भरपाईवर जळजळीत टीका प्रसिद्ध केली. ती टीका इतकी गाजली की ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सुशिक्षितांना हा तह अन्याय्य आहे असे मनोमन पटले, आणि पुढे तो राखण्याची वेळ आली तेव्हा त्यासाठी उभे राहायला कोणी तयार नव्हते.

१९२३ च्या भयंकर चलनवाढीचे खापरही सरसकट भरपाईवर फोडले जाते. हप्ते थकले म्हणून फ्रान्स आणि बेल्जियम यांनी जानेवारी १९२३ मध्ये रूरचा औद्योगिक पट्टा ताब्यात घेतला. जर्मन सरकारने तिथल्या कामगारांना असहकार करायला सांगितले आणि त्यांचे पगार नोटा छापून भागवले. मुळात युद्धाचा खर्चही करांतून न काढता कर्जांतून केलेला होता. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. ज्यांनी जन्मभर पै-पै करून पुंजी जमवली होती अशा निवृत्त शिक्षकांची, विधवांची, छोट्या दुकानदारांची बचत एका पावाच्या किमतीचीही राहिली नाही. हा वर्ग लोकशाही राज्यावर पुन्हा कधी मनापासून विश्वास ठेवू शकला नाही.

म्हणजे दुसरे महायुद्ध या तहामुळेच झाले, असे म्हणावे का?

परीक्षेत हे उत्तर लिहून गुण मिळतात, तरी तारखा त्याच्याशी जुळत नाहीत. १९२४ मध्ये भरपाईचे हप्ते सोपे केले गेले. १९२५ मध्ये जर्मनीची पश्चिम सीमा मान्य करणारे लोकार्नोचे करार झाले, १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात सन्मानाने आली आणि त्याच वर्षी फ्रान्सचे ब्रियाँ व जर्मनीचे श्ट्रेझेमान या परराष्ट्रमंत्र्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तहानुसार ऱ्हाइनलँडमध्ये ठेवलेली दोस्त राष्ट्रांची फौज मुदतीच्या पाच वर्षे आधी, १९३० मध्ये, निघून गेली. १९३२ च्या लोझान परिषदेत भरपाई जवळजवळ रद्दच झाली. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये, म्हणजे तहातले सर्वांत जाचक कलम निकालात निघाल्यानंतर. मधे आली होती ती जागतिक मंदी आणि ६० लाख बेकार.

तहाचा दोष मला निराळ्या ठिकाणी दिसतो. शत्रूला एकतर असे सामावून घ्यावे की त्याला पुन्हा लढण्याची गरज भासू नये, किंवा असे बांधून ठेवावे की त्याला लढता येऊ नये. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला डिवचले, पण दुबळे केले नाही. तिचे कारखाने शाबूत होते, शस्त्रसंधीच्या वेळी परकी फौज तिच्या मध्यभागी कुठेच पोचलेली नव्हती, आणि तिच्या पूर्वेला आता बलाढ्य रशियाऐवजी नवे, लहान, आपसांत भांडणारे देश होते. बर्लिनला परतलेल्या सैनिकांचे स्वागत करताना नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनी स्वतः, शत्रूने तुम्हाला जिंकलेले नाही, असे उद्गार काढले. हरलोच नाही तर हा तह कशाचा, असे विचारणारा माणूस घरोघर तयार झाला. घरातल्या गद्दारांनी पाठीत सुरा खुपसला ही कहाणी त्याला लगेच पटली, आणि त्या कहाणीची किंमत पुढे ज्यूंना मोजावी लागली.

असा तह टिकवायचा तर राखणदार हवा होता. अमेरिकेच्या सिनेटने तो दोनदा फेटाळला. मार्च १९२० च्या मतदानात ४९ विरुद्ध ३५ असे बहुमत असूनही दोनतृतीयांशाला सात मते कमी पडली. ब्रिटनची हमी अमेरिकेच्या हमीला बांधलेली असल्याने तीही आपोआप बुडाली. क्लेमांसोंनी ज्या शब्दावर विसंबून ऱ्हाइनची मागणी सोडली होती, तो शब्द वर्षभरात हवेत विरला. ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने तह मोडून ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातले तेव्हा त्याला अडवायला कोणीही गेले नाही.

'रणात जिंकले आणि तहात हरले' असे कोणाच्या बाबतीत झाले?

इटलीला तसे वाटले. फिउमे बंदर मिळत नाही म्हणून ऑर्लांदो एप्रिल १९१९ मध्ये परिषद सोडून गेले. 'अर्धवट विजया'ची ती चीड मुसोलिनीच्या पथ्यावर पडली.

चीनची कथा अधिक कडवट आहे. चीनने दोस्त राष्ट्रांच्या बाजूने १ लाखाहून अधिक मजूर युरोपात खंदक खणायला आणि माल वाहायला पाठवले होते. शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क मात्र चीनला परत न देता जपानला देण्यात आले. बातमी पोचताच ४ मे १९१९ रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. चीनने तहावर सही केली नाही. आधुनिक चिनी राष्ट्रवाद आपला जन्मदिवस याच तारखेपासून मोजतो, आणि दोन वर्षांनी स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षाचे पहिले कार्यकर्ते याच चळवळीत घडले.

जपान मात्र मिळवूनही दुखावला. राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समतेचे तत्त्व घालावे, हा त्याचा प्रस्ताव ११ एप्रिलला १७ पैकी ११ मतांनी संमत होण्याजोगा होता. एकमत नाही, या कारणावरून विल्सन यांनी तो बाजूला ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचा त्याला कडवा विरोध होता. सगळ्या जगाला न्याय देण्यासाठी जमलेल्या परिषदेत माणसे समान आहेत एवढे एक वाक्य मंजूर होऊ शकले नाही, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचे काय झाले?

प्रत्येक लोकसमूहाने आपले राज्य आपण ठरवावे, हे विल्सन यांनी उचलून धरलेले तत्त्व पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, बाल्टिक देश यांना लाभले. सव्वाशे वर्षे नकाशावर नसलेला पोलंड परत आला, ही या काळाची मोठी कमाई आहे आणि ती नाकारू नये. पण मध्य युरोपात भाषा आणि गावे अशी मिसळलेली होती की कुठेही रेघ ओढली तरी कोणीतरी चुकीच्या बाजूला पडणारच. चेकोस्लोव्हाकियात सुमारे ३० लाख जर्मन राहिले. ४ जून १९२० च्या त्रियानोनच्या तहाने हंगेरीचा दोनतृतीयांश प्रदेश गेला आणि सुमारे ३० लाख हंगेरियन शेजारच्या देशांचे नागरिक झाले. हंगेरीत हा दिवस आजही दुखवट्याच्या भावनेने पाळला जातो. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी नव्या देशांकडून वेगळे करार लिहून घेतले, पण तसले करार बड्या राष्ट्रांनी स्वतः मात्र केले नाहीत, त्यामुळे ते नव्या देशांना अपमानास्पद वाटले.

तुर्कस्तानबरोबर दोन तह का झाले?

कारण पहिला तुर्कांनी मोडून काढला. १० ऑगस्ट १९२० च्या सेव्रच्या तहात अनातोलियाचे, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाचे, लचके तोडलेले होते. आर्मेनियाला देश आणि कुर्दांना स्वायत्ततेची व पुढे स्वातंत्र्याची वाट दाखवलेली होती. तुर्की सेनानी मुस्तफा केमाल यांनी तो तह धुडकावला, ग्रीक सैन्याचा पराभव केला आणि १९२३ मध्ये लोझान येथे बरोबरीच्या नात्याने नवा तह केला. पराभूतांपैकी समोरासमोर बसून अटी बदलून घेणारा हा एकच देश, आणि लोझानच्या तहाने आखलेल्या सीमा शंभर वर्षांनंतरही जवळपास तशाच आहेत. कुर्दांचा उल्लेख मात्र त्यातून नाहीसा झाला.

याच वाटाघाटींत ३० जानेवारी १९२३ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आले, त्यांतले बहुतेक आधीच जीव घेऊन पळालेले होते. ४ लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. माणूस कुठला, हे धर्मावरून ठरले. त्यामुळे घरात फक्त तुर्की बोलणारे अनातोलियातले ख्रिस्ती, ज्यांना ग्रीकचा गंध नव्हता, ते 'मायदेशी' म्हणून ग्रीसला पाठवले गेले; आणि ग्रीकखेरीज दुसरी भाषा न येणारे क्रीटचे मुसलमान तुर्की किनाऱ्यावर उतरले. चुलीवरची भाषा एक आणि कागदावरचा देश दुसरा, अशी ती माणसे. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याला माहीत असलेले लॉर्ड कर्झन या वाटाघाटींत ब्रिटनच्या बाजूने होते. हा उपाय अत्यंत वाईट असून जग त्याची शिक्षा शंभर वर्षे भोगेल, असे मत त्यांनी स्वतः नोंदवले, आणि तरीही करार झाला. पुढे १९३७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीची शिफारस करणाऱ्या ब्रिटिश आयोगाने याच अदलाबदलीचा दाखला दिला.

अरब प्रदेशांचे आणि 'बसऱ्या'चे काय झाले?

महाराष्ट्रातल्या सैनिकांच्या घरांना हा प्रश्न सर्वांत जवळचा आहे. बसरा हे मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले, बंदर. मेसोपोटेमियात आधी उतरलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे उपासमारीनंतर शरण गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे जवान होते. त्यांतले किती तरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की कैदेत मेले.

ज्या भूमीसाठी ते मेले तिच्याविषयी एकाच वेळी तीन बोली दिलेल्या होत्या: अरबांना स्वातंत्र्याची, १९१६ च्या गुप्त करारात फ्रान्सला वाटणीची, आणि २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय निवासाची. एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे वाटणी पक्की झाली: सिरिया व लेबनॉन फ्रान्सकडे, इराक व पॅलेस्टाइन ब्रिटनकडे. या व्यवस्थेला 'मँडेट' असे नाव दिले, म्हणजे अजून स्वतःच्या पायावर उभे राहू न शकणाऱ्या लोकांचे पालकत्व. विल्सन यांनी पाठवलेल्या आयोगाने १९१९ मध्ये तिथल्या लोकांना काय हवे ते विचारले होते. त्यांचे उत्तर स्वातंत्र्य हेच होते, आणि तो अहवाल १९२२ पर्यंत प्रसिद्धही झाला नाही. इराकने १९२० मध्ये बंड केले. ते मोडायला पाठवलेल्या फौजेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते.

भारताला या तहातून काय मिळाले?

सुमारे १३ लाख भारतीय या युद्धात कामी लावले गेले आणि ७० हजारांहून अधिक मेले. व्हर्सायच्या तहावर भारताची वेगळी सही आहे. ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी केली. भारत राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला, स्वतःचे राज्य नसताना. या विचित्र स्थितीला जगात दुसरे उदाहरण नव्हते.

काँग्रेसने डिसेंबर १९१८ मध्ये परिषदेसाठी आपले प्रतिनिधी म्हणून लोकमान्य टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांची निवड केली होती. टिळक त्या वेळी ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. पॅरिसला जाण्याचे परवानापत्र त्यांना मिळाले नाही. त्यांनी मार्च १९१९ मध्ये क्लेमांसोंना सविस्तर पत्र पाठवले आणि स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारतालाही लावा, अशी मागणी केली. लंडनहून पॅरिस एका दिवसाच्या प्रवासावर होते. सहा वर्षे मंडालेत काढून आलेला साठी ओलांडलेला माणूस त्या दारापर्यंतही पोचू शकला नाही. इकडे एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झाली, आणि तुर्कस्तानच्या तहाच्या धसक्यातून मुंबईत उभी राहिलेली खिलाफत समिती १९२० मध्ये असहकाराच्या चळवळीला येऊन मिळाली.

या तहातून काही चांगले निघाले का?

निघाले, आणि त्याची खूण मुंबईत आहे. तहाच्या तेराव्या भागाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला भरली आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले नारायण मल्हार जोशी, ज्यांचे नाव आज लोअर परळच्या रस्त्याला आहे. बहुतेक देशांसाठी आठवड्याला ४८ तास ठरले, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी ६०. हा भेद उघड आहे. तरीही दिवसाला १२ तास साच्यावर उभे राहणाऱ्या गिरणी कामगारासाठी ६० तासांची मर्यादा ही खरी सुटका होती, आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात ती आली. या परिषदांवर प्रतिनिधी कोणाच्या वतीने पाठवायचा, हा प्रश्न ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन होण्यामागच्या कारणांपैकी एक होता. राष्ट्रसंघ बुडाला, कामगार संघटना आजही चालू आहे.

१९४५ नंतर वेगळे काय केले?

जर्मनीचा पुरता पराभव करून ती ताब्यात घेतली, आणि मग तिच्या पश्चिम भागाला उभे राहायला पैसा दिला. १९५३ मध्ये जुन्या कर्जांना सूट मिळाली. १९१९ नंतरच्या कर्जांवरील व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला. अमेरिका या वेळी युरोपात थांबली. अल्पसंख्याकांचा प्रश्न मात्र क्रूरपणे सोडवला गेला: पूर्व युरोपातून सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना हुसकून लावण्यात आले.

आमच्या गावातल्या पाटीवर फक्त आकडा आहे. ती माणसे कोण, हे शोधता येते का?

बऱ्याचदा येते. युद्धात मेलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे असून ती इंटरनेटवर मोफत पाहता येते. पलटण, मृत्यूची तारीख, आणि अनेकांच्या बाबतीत वडिलांचे नाव व गावही त्यात असते. गावांची नावे इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे एकच नाव चार प्रकारे लिहून पाहावे. तालुका आणि जिल्हाही आजचे नव्हेत, त्या वेळचे धरावेत.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसरा येथे मोठे स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत; प्रत्येक पलटणीखाली त्यांचा फक्त आकडा लिहिला, जसा आपल्या चावडीवर आहे. २०२१ मध्ये आयोगाने चौकशी अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल माफी मागितली. नावे नोंदवहीत आहेत. ती उतरवून घेऊन पाटीशेजारी मराठीत लावायला गावाला फारसा खर्च येणार नाही.